गळती

किसुमूच्या सरकारी इस्पितळात, खिडकी क्रमांक चारमागे
मी सात वर्षं बसतोय.
आधी जाड वही होती, मग कार्ड,
मग दुसऱ्या रंगाचं कार्ड,
आता काचेचा एक डोळा. त्याला बोट दाखवायचं.
तो हिरवा झाला तर सरकार तुमचं.

जुनी योजना गेली मंगळवारी रात्री.
नवी आली म्हणतात बुधवारी सकाळी.
मधल्या रात्री किडन्यांनी काय करायचं
हे विचारायचं राहून गेलं असावं
नैरोबीतल्या त्या लांबलचक टेबलाभोवती.

अपोंडी येते सोमवारी आणि गुरुवारी.
पस्तीस वर्षं तळ्याकाठी मासे साफ केले तिने,
खवल्यांबरोबर बोटांवरच्या रेषाही
हळूहळू टोपलीत गेल्या.
उजवा अंगठा: लाल. डावा: लाल.
दहाही बोटं पुसली, कोमट पाण्यात बुडवली,
सिस्टर चेपकेमोईने पर्समधलं व्हॅसलीन दिलं.
लाल.
"तळ्यानं खाल्ली," अपोंडी म्हणाली, हात उलटसुलट करत,
जणू कुणा दुसऱ्याचेच.
उभ्या जन्मात कुणाला अंगठा दाखवला नव्हता तिने.
यंत्राने तिला दाखवला.

वर्गणी भरलेली आहे तिची. वर्षभराची, एकरकमी,
जाळं विकून.
पावती पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली,
तरी तिला माशांचा वास.

मदतकेंद्राचा नंबर लावला.
संगीत वाजलं. छान होतं संगीत.
मागे रेडिओवर खासदार बोलत होते,
एवढे अब्ज दिले, एवढे अब्ज देणार.
विरोधक म्हणाले, दिलेले गेले कुठे?
मग दोघं मिळून कुठल्याशा उद्घाटनाला गेले.
आकडे इतके मोठे की त्यांत पाय ठेवायला जागा नाही,
आणि अपोंडीचे पाय तर सुजून
चपलेबाहेर आलेले.

आता सांगतो ते खालच्या आवाजात.
माझ्या पगारातून दरमहा कापलं जातं.
खात्यावर आश्रित: बायको, दोन मुलं, आई.
आई जाऊन ऑगस्टमध्ये तीन वर्षं होतील.
दाखला दिला होता मी, दोनदा, दोन खिडक्यांवर.
पण सिस्टीमला वाईट बातमी सांगत नाही कुणी.
नव्या योजनेत ती आपोआप पोचली
जुन्या यादीवरून, बिऱ्हाडासकट:
पेरेस न्यागिलो, वय एकाहत्तर, स्थिती सक्रिय.
ठसा: उपलब्ध नाही.
आणि खाली बारीक अक्षरात,
वृद्धांना सूट, पुढे चालू.

मी पुढे चालू दाबलं.

चार तास मशीन अपोंडीचं रक्त धूत राहिलं
माझ्या आईच्या नावाने.

परवा मंत्री म्हणाले, योजनेला गळती लागलीय,
मेलेल्यांच्या नावावर उपचार होतात, चोर शोधून काढू.
खरं आहे.
म्हणजे अशीही इस्पितळं आहेत
ज्यांच्या भिंती आहेत, छप्पर नाही, खाटा कागदावर,
आणि बिलं मात्र वेळेवर निघतात.
त्या भोकातून अख्ख्या बोटी जातात.
माझ्या भोकातून एक म्हातारी,
आठवड्यातून दोनदा.
हे मी स्वतःला सांगतो. रात्री ते पुरत नाही.
नियमांखाली सही आहे माझी,
आणि उद्या खिडकीसमोर दुसरं कुणी उभं राहील,
तशीच गुळगुळीत बोटं घेऊन,
आणि माझ्याकडे मेलेली आई एकच.

आज गुरुवार. डायलिसिसच्या दारात उभं राहून
यादी वाचावी लागते, मोठ्याने.
"पेरेस न्यागिलो."
बाकावर कुणी हललं नाही.
परत म्हटलं. आवाज कसा लागला कोण जाणे,
लहानपणी अंधार पडल्यावर तळ्याकडे तोंड करून
हाक मारायचो, तसा.
कोपऱ्यातून अपोंडी उठली, पिशवी सावरत.
"आले रे, आले," म्हणाली,
"ओरडतोस कशाला."